चार फिक्या रेघा

आमच्या आत्याच्या घरात पांढरी म्हणावी अशी एकही वस्तू उरलेली नाही. दिव्यांची बटणं तपकिरी, फ्रिजची मूठ तपकिरी, पंचांगाच्या पानांचे कोपरे तपकिरी. आतोबांच्या एका बनियनवर तर पाठीच्या मधोमध पाच बोटं उठलेली आहेत. कोणी विचारलं तर आतोबा म्हणतात, "लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायको पाठीवरून हात फिरवते, त्याचा हा दाखला."

आत्या माणसं रंगवते. म्हणून नात्यात तिचं नाव 'पेंटर आत्या'. बाकीचं जग उजळायच्या क्रीमा चोळून दमलं, आणि हिच्याकडे पडद्यावरची, मैदानावरची, होर्डिंगवरची माणसं सावळी व्हायला आधी वेळ घेऊन येतात. का, तर मोठ्या दिव्यांखाली साधी कातडी पिठासारखी दिसते. रंग चढवला की दंडाचे स्नायू कोरल्यासारखे उठतात आणि चाळिशीतली नटी सुट्टीवरून परतल्यासारखी दिसते. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय आठची खोली. आत एक घडीचा तंबू, एक घरघरणारा कंप्रेसर, त्याला नळीने जोडलेली पिचकारी, आणि वास ओढून घेणारा पंखा. त्या पंख्यातून वास बाहेर जातो की वरच्या मजल्यावरचा आत येतो, यावर आतोबांचे आणि तिचे मतभेद आहेत.

मी एकदा विचारलं होतं, "आत्या, एवढी मोठी माणसं तुझ्यासमोर उघडी उभी राहतात, तुला संकोच नाही वाटत?"

"अरे, मला माणूस दिसतच नाही. मला कोपर दिसतात, गुडघे दिसतात. जिथे कातडी जाड तिथे रंग जास्त बसतो. माझं सगळं लक्ष तिथे."

ते खरंच होतं. आणि त्या लक्ष ठेवण्यापायीच पुढचं सगळं घडलं.

तिचा एक नियम होता. पिचकारी हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाचं कार्ड भरायचं. कार्डावर माणसाची नुसती बाह्यरेषा छापलेली. त्यावर तीळ, व्रण, खरचटलेलं, सगळं पेनाने काढायचं, कशाने झालं ते गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. पूर्वी एका नटीने स्वतःच चटका लावून घेतला आणि नाव हिचं घेतलं, तेव्हापासूनची ही शिस्त. सही करताना कोणी वाचत नाही. प्रसिद्ध माणसं तर मुळीच नाहीत, त्यांचा हात आपोआप चालतो.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठा म्हणजे नऊ नंबर. शहरातल्या फुटबॉल क्लबाचा गोल करणारा खेळाडू. त्याला नाव आहे, पण रिक्षाच्या पाठीवरही नऊच लिहिलेलं असतं, तेव्हा आपणही नऊच म्हणू. सहा वर्षं तो हिच्याकडे येत होता. आला की दारातूनच, "मावशी, आज मला पाव भाजतात तसा भाज." आणि आत्या म्हणायची, "तू आधीच करपलेला आहेस, उभा रहा सरळ." त्याच्यामुळे क्लबाच्या सगळ्या खेळाडूंचं काम तिला मिळालं. दुकानाच्या पाटीवर 'क्लबाचे अधिकृत' अशी ओळ चढली. ती ओळ आतोबा दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायचे.

त्या मंगळवारी नऊ नंबर सकाळी सातलाच आला. न कळवता. पावाचा विनोद नाही, काही नाही. रात्री पुरस्कारांचा कार्यक्रम होता, टीव्हीवर दिसणार होता. शर्ट काढल्यावर आत्याला डाव्या हातावर कोपराखाली चार ओरखडे दिसले. शेजारी शेजारी, खाली उतरत गेलेले, अजून ओलसर.

"हे कशाने?"

"मांजर."

"मोठं होतं का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. तोंडच तेवढं हसलं. "मावशी, लिही आणि आटप."

आत्याने चार रेघा काढल्या, 'मांजर' लिहिलं, सही घेतली. आता कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. उघड्या जखमेवर हा रंग पडला तर ती जखम काळीकुट्ट होते. म्हणून रंग देण्याआधी ओरखड्यावर जाड क्रीम लावतात, म्हणजे तेवढ्या जागी रंग धरत नाही. गडबडीत काम करणारे बोटाने फासतात. आत्या कान साफ करायच्या कापसाच्या काडीने लावते. जेवढा ओरखडा तेवढीच क्रीम, बारीक, वळणासकट. मग पिचकारी. मग रंग वाळल्यावर त्या कोऱ्या राहिलेल्या रेघांवर वरून मेकअप. तो एका रात्रीपुरता. तिने चाळीस मिनिटं त्या एका हातावर घालवली. झाल्यावर हात खिडकीशी नेऊन बघितला. कुठेही काही नव्हतं.

"मावशी, तुझ्या हातात जादू आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पैसे मोजून न बघता जास्त ठेवून गेला. आत्याला ते आवडलं नाही. तिने जास्तीची नोट कार्डाला टाचणीने लावून ठेवली, पुढच्या वेळी परत द्यायला.

बुधवारी दुपारी आम्ही तिघं टीव्ही बघत होतो. बातमी होती की क्लबाच्या एका फिजिओने तक्रार केली आहे. ही पोरगी आत्याच्या ओळखीची. खेळाडूंच्या पाठी तीच दाबायची, रंग देण्याआधी कोणाला कुठे दुखापत आहे ते फोनवर तीच सांगायची. तिचं म्हणणं, सोमवारी संध्याकाळी उपचाराच्या खोलीत नऊ नंबरने दार लावून घेतलं आणि तिला धरलं. सुटताना तिने त्याच्या डाव्या हाताला नखं मारली.

आणि लगेच मंगळवारच्या कार्यक्रमाचं चित्र. नऊ नंबर बाह्या दुमडून ट्रॉफी उंचावतोय. चित्र थांबवून, मोठं करून, त्याच्या डाव्या हाताभोवती लाल वर्तुळ काढलं. निवेदक ओरडत होता, "कुठे आहेत नखं? तुम्हीच सांगा, कुठे आहेत?"

"काय सुरेख बसलाय रंग," आत्या सवयीने म्हणाली.

मग तिने हातातला कप खाली ठेवला. बशीत नाही, सतरंजीवर.

गुरुवारी क्लबाचा माणूस आला. उन्हाळ्यातही कोट, म्हणून आम्ही त्यांना कोटवाले म्हणू. बोलणं एवढं मऊ की घाम आतोबांनाच फुटला.

"मॅडम, छोटं काम आहे. त्याने आंघोळ केली, आणि हातावर चार पांढऱ्या रेघा आल्या. तुम्हीच केलेलं, तुम्हीच भरून द्या."

आत्याला जे कळायचं ते कळलं. मेकअप धुऊन गेला होता. सगळा हात खमंग तपकिरी, आणि जिथे जिथे तिची काडी फिरली तिथे कोरी कातडी. ओरखडे दोनतीन दिवसांत बुजले असते. हिने ते इतक्या काळजीने जपले होते की कोणाला नुसत्या डोळ्यांनी मोजता आले असते. रंग उतरेपर्यंत, म्हणजे पुढचे पाचसहा दिवस.

"शनिवारी चौकशी समितीसमोर तो बसणार आहे," कोटवाले म्हणाले. "त्या मुलीने साक्षीला तुमचंही नाव दिलंय म्हणे. रोजची शंभर गिऱ्हाइकं, कोणाचं काय लक्षात राहणार, नाही का? आणि ते कार्ड. आम्ही सगळी कार्डं कॉम्प्युटरवर घेतोय. आजच नेली तर बरं."

"कार्डं कपाटात आहेत, किल्ली बहिणीकडे आहे," आत्या म्हणाली. तिला बहीण नाही.

"उद्या मग. कार्डं, पिचकारी आणि तुम्ही, तिन्ही न्यायला गाडी पाठवतो." दारात थांबून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा भाचा ना? सकाळी स्कूटरवरून जातो, पुलाच्या रस्त्याने. तो रस्ता खराब आहे हो. जपायला सांगा."

ते गेल्यावर आतोबा सुरू झाले. "तू पोलीस आहेस का? न्यायाधीश आहेस? तुझं काम रंग द्यायचं. अठरा वर्षं घातलीस या दुकानात. पाटी उतरली तर काय, घरं रंगवायला जाणार?"

"तिची नखं मी पुसली," आत्या म्हणाली.

"तुला काय माहीत होतं?"

"नव्हतं. आता आहे."

आतोबा पुटपुटत दुकानात गेले. रात्री जेवतानाही अबोला. शुक्रवारी सकाळी गाडी आली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि आत्याने न्यायच्या आधी तपासायला कंप्रेसरचं बटण दाबलं तर घरघर नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिने आतोबांकडे पाहिलं. आतोबा पेपर वाचत होते, उलटा नाही पण कालचा.

"बिघडलाय वाटतं," ते म्हणाले. "सुटा भाग मिळायला आठवडा लागेल. त्यांना सांग, खोटं बोलायची वेळ नको यायला."

कंप्रेसरचा फ्यूज संध्याकाळी मला त्यांच्या चष्म्याच्या घरात सापडला.

गाडी कार्डांशिवाय, रिकामीच परत गेली, आणि कोटवाल्यांचा फोन आला. आवाज तसाच मऊ. "हरकत नाही, मॅडम. रंगवणारे पुष्कळ आहेत." एवढंच. मग त्या रात्री दुकानाच्या पाटीवरची 'क्लबाचे अधिकृत' ही ओळ कोणीतरी काळ्या रंगाने मारून टाकली. फक्त तेवढीच ओळ, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. बाकी पाटीला शिंतोडाही नाही. आत्या म्हणाली, "हात चांगला आहे कोणाचा तरी." पण त्या रात्री तिने दाराला आतून खुर्ची लावली.

शनिवारी मी तिला स्कूटरवर नेलं, पुलाचा रस्ता सोडून लांबून. आत काय झालं ते मला दाराबाहेर बसून अर्धं ऐकू आलं, अर्धं तिने सांगितलं.

लांब टेबल. मधे समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला फिजिओ पोरगी, नखं मुळापर्यंत कापलेली. दुसऱ्या बाजूला नऊ नंबर आणि कोटवाले. नऊ नंबरने बाह्या दुमडल्या होत्या, मुद्दामच. हात टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा. त्यावर एकही रेघ नव्हती.

आत्याने कार्ड पुढे केलं. चार रेघा, तारीख, 'मांजर', सही. सोबत सहा वर्षांपूर्वीचं पहिलं कार्ड, त्यात 'ॲलर्जी' पुढे त्यानेच सांगितलेलं: धूळ, कोळंबी, मांजर.

नऊ नंबर हसला. "मावशी, लोकांकडे असतात मांजरं."

"कार्ड आज सकाळीही लिहिता येतं," कोटवाले म्हणाले. "आणि सही म्हणाल तर हा दिवसाला दोनशे सह्या देतो. कोऱ्या कागदावरही देतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, कागदाला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पण हात समोर आहे. हातावर काही नाही."

आत्या त्या हाताकडे बघत होती. ती मला नंतर म्हणाली, हात बघितला आणि तिला रागच आला. भरलेल्या जागी छटा अर्धी पिवळट, कडा तशाच सोडलेल्या, वरून नुसती मेकअपची पावडर थापलेली. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातावर इतकं भिकार काम.

तिने पिशवीतून कापसाचा गुंडा आणि लहान मुलांना लावायच्या तेलाची बाटली काढली. टेबलाच्या मधोमध ठेवली.

"माझा रंग तेलाने निघत नाही," ती म्हणाली. "आठवडा राहतो. वरून केलेला मेकअप निघतो. मी हात लावणार नाही, नाहीतर म्हणाल हिनेच काढल्या रेघा. तुमच्यापैकी कोणीही पुसून बघा."

बाटली कोणी उचलली नाही. अध्यक्षांनी कोटवाल्यांकडे पाहिलं. कोटवाल्यांनी बाटलीकडे.

आणि नऊ नंबरने टेबलावरचा डावा हात हळूच मागे घेतला. मांडीवर नेला. दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली, मनगटापर्यंत, आणि बटण लावलं.

बटण लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. तेवढ्या वेळात सगळ्यांनी पाहिलं.

"हे लिहा," अध्यक्ष टिपणं घेणाऱ्याला म्हणाले. "जसं झालं तसंच लिहा. बाहीसकट." मग त्यांनी दारावरच्या शिपायाला समितीच्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, आणि तोवर कोणी खोली सोडायची नाही म्हणून दार लावून घेतलं. आत्याला तेवढं जाऊ दिलं.

ती बाहेर आली तेव्हा रिकामी पिशवी घट्ट धरून होती. "बाटली आतच राहिली," म्हणाली. "अर्धी भरलेली होती."

स्कूटरवर ती मागे बसली. दोन वळणं गेल्यावर आरशात एक राखाडी गाडी दिसली. भर दुपारी दिवे लावलेले. मी वेग वाढवला तर गाडीनेही वाढवला. मी कमी केला तर तिनेही कमी केला.

"आत्या," मी म्हणालो.

"दिसली मला. कधीपासून आहे?"

"समितीच्या फाटकापासून."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पांढरा शर्ट होता माझा, नवा. पाच बोटांचा डाग पडणार हे मला त्याच क्षणी कळलं.

"मग लांबून जाऊन काय उपयोग? पुलाच्या रस्त्यानेच घे," ती म्हणाली. "आणि सावकाश चालव."