पिवळी काच

माझ्या गाडीचे दिवे मंद झाले आहेत, हे मला अपघाताआधीच ठाऊक होते. ते मी तीन वर्षे लपवले. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अंधारात पुढची उसाची ट्रॉली ऐनवेळी दिसली. मी करकचून ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या सुमनचे, माझ्या पत्नीचे, मनगट समोर आपटून मोडले. "ट्रॉलीला मागे दिवा नव्हता," असे मी सर्वांना सांगितले, आणि ते खरेही होते. नंतर दिवे दुरुस्त करणे म्हणजे कबुलीच देणे झाले असते, म्हणून अंधार पडल्यावर गाडी काढणेच मी सोडले.

आता गाडी मुलगी चालवणार. म्हणून काल ती मिस्त्रीकडे नेली. त्याने दिव्याची पिवळी पडलेली काच अर्धी घासली आणि तो म्हणाला, "बघा साहेब, एवढ्या उजेडात चालवत होता." स्वच्छ अर्ध्या काचेशेजारी उरलेली अर्धी पाहवेना. अर्धवट सत्यही, पूर्ण सत्य शेजारी येईपर्यंत, पुरेसे वाटत राहते.

घरी सुमन पोळ्या लाटत होती. मनगट दुखले की म्हणते तसे म्हणाली, "मेल्या ट्रॉलीवाल्याने एक दिवा लावला असता, तर काय बिघडलं असतं?"

"त्याला बोलू नकोस, सुमन," मी म्हणालो. "आपल्या गाडीचे दिवे मंद होते आणि मला ते माहीत होतं. मला क्षमा कर."