गुलाबबाईंनी रेडिओ सोडला

आजच्या टीव्हीवरच्या मालिकेत नायिका मरणाच्या दारात उभी असली तरी बघणारा निवांत असतो. ती मरणार नाही; मेली तर परत येईल; परत आलीच नाही तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी येईल, आणि तेवढ्या वेळात घरातली दोन लग्नं मोडून तिसरं जमलेलं असेल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा दाखवतात.

पण हे फार पुढचं. एकोणीसशे पंचावन्न साली वाशीमात मालिका बघायची नसे, ऐकायची असे. बुधवारी दुपारी दीड वाजता, रेडिओवर, मोजून पंधरा मिनिटं. बुधवार हुकला की हुकला. त्याला इलाज नव्हता.

अशा त्या काळात कापडवाले खेमचंदशेठ यांच्या पत्नी गुलाबबाई यांनी भर मंदिरात, शंभर बायकांसमोर, रेडिओ सोडला.

गुलाबबाई तेव्हा चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, मनाने हळव्या आणि स्वभावाने तडकाफडकी. घरात रेडिओ आला तो खेमचंदशेठना कापसाचे भाव ऐकायला. बॅटरीवर चालणारा, लाकडी खोक्याचा. गुलाबबाईंनी त्याच्यासाठी पोपट भरलेलं झाकण शिवलं आणि सुरुवातीचे दोन महिने बातम्या सांगणारा बोलू लागला की डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला. "तो तुले पाहून नाही राह्यला," असं खेमचंदशेठनी समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नसंन पाहत. पन बोलन्यावरून घरंदाज वाटते बिचारा."

मग कुमुदची मालिका सुरू झाली आणि रेडिओ भावांचा राहिला नाही, गुलाबबाईंचा झाला. कुमुद ही गरिबाघरची पोर श्रीमंताघरी पडलेली. सासू छळत असे, नणंद चहाड्या करत असे, नवरा बहुतेक वेळ परगावी असे. गुलाबबाई रेडिओसमोर पाट घेऊन बसत आणि वेळोवेळी कुमुदला सल्ले देत. "अवं, तिच्या हातचं दूध नको पिऊ!" कुमुद ऐकत नसे. कुमुद काहीच ऐकत नसे, फक्त रडत असे, आणि इकडे गुलाबबाई रडत.

आषाढातल्या एका बुधवारी सासूचा हार चोरीला गेला. सासू म्हणाली, "कुमुद, उघड तुझी पेटी!" आणि सतार वाजून मालिका संपली.

तीनच दिवसांनी चातुर्मास बसला. त्या वर्षी एक जैन साध्वी, सगळ्यांच्या माताजी, चातुर्मासासाठी वाशीमात राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी बायका एकेक करून उठायच्या आणि चार महिने काय सोडणार तो नियम घ्यायच्या. एकीने कांदा सोडला. तो तिच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लेला नव्हता. गुलाबबाईंची मोठी जाऊ अंगुरीबाई उठल्या. त्याच घरात, एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या. त्यांनी डोळे मिटून, आवाज खोल नेऊन दोडकं सोडलं. अंगुरीबाईंना दोडक्याचा लहानपणापासून तिटकारा होता, हे गुलाबबाईंना चांगलं माहीत होतं.

माताजी हसून म्हणाल्या, "नावडतं सोडणं सोपं असतं, बाई. आवडतं सोडलं, तर तो त्याग."

पुढचा नंबर गुलाबबाईंचा होता. त्या गूळ सोडायचा ठरवून आल्या होत्या. पण उठताना त्यांनी जावेच्या तोंडाकडे पाहिलं. दोडकं सोडून ते तोंड एवढं तृप्त दिसत होतं की गुलाबबाईंच्या तोंडून निघून गेलं:

"रेडिओ. चार महिने कानावर पडू देनार नाही."

मागून कुणी तरी "मायबाई!" म्हणालं. माताजींनी हात वर करून आशीर्वाद दिला. गुलाबबाई मंदिराच्या शेवटच्या पायरीपर्यंत वाशीमातल्या सर्वांत सुखी बाई होत्या. शेवटच्या पायरीवर त्यांना कुमुदची पेटी आठवली.

"अवं, घरी इचारून तं सोडाचं," खेमचंदशेठ म्हणाले. "मले सोडलं असतं तरी चाललं असतं. आता भाव कुठी आयकू?"

"तुमी आयका. मी अंगनात जाईन."

बुधवारी दीड वाजता गुलाबबाई मागच्या अंगणात विहिरीजवळ जाऊन दोन्ही कानांत बोटं घालून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांनी आत आल्या तर अंगुरीबाई रेडिओसमोरच्या पाटावर, त्यांच्याच पाटावर, पदराने डोळे टिपत होत्या. त्यांना याआधी मालिकेत काडीचा रस नव्हता.

"का झालं, भाभीजी? निंघाला का हार?"

"गुलाब, तुहा नियम हाय वं. मी सांगतलं तं मले पाप." अंगुरीबाईंनी लांब सुस्कारा टाकला. "पन का सांगू तुले, आजच्यासारखं रडू कधी आलं नाही!"

आणि त्या तृप्त होऊन आपल्या बाजूला निघून गेल्या.

गुलाबबाई ओसरीवर येऊन बसल्या. तिथे रामीबाई गहू निवडत होत्या. चातुर्मासात धान्याला किडे लवकर लागतात आणि जैनाच्या घरात एकही किडा जात्याखाली जाता कामा नये, म्हणून अनसिंगच्या रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून रामीबाई रोज निवडायला येत. पन्नाशीच्या, हातभर बांगड्या, आरशांचा घागरा, आणि गव्हातला खडा दोन हातांवरून ओळखणारी नजर. त्यांची बसायची जागा बैठकीच्या खिडकीखाली होती. रेडिओ बरोबर त्या खिडकीत होता.

गुलाबबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग रामीबाईंकडे पाहिलं. मग उठून दुकानात गेल्या.

"म्या रेडिओ सोडला, व्हय ना?"

"व्हय." खेमचंदशेठ गिऱ्हाइकाला छीट दाखवत होते.

"रामीबाईनं आयकलं अन् मले सांगतलं तं?"

खेमचंदशेठनी छीट खाली ठेवली. धर्माचा प्रश्न होता. थोडा विचार करून ते म्हणाले, "रामीबाईले बॅटरी लागते का?"

"नाही."

"मंग थे रेडिओ नव्हे."

ओसरीवर परत येऊन गुलाबबाईंनी विचारलं, "रामीबाई, थ्या डब्यात का झालं आज?"

"पेटी उघडली."

"मंग?"

"हार निंघाला. सासूनं घराबाह्यर काढलं. पोट्टी रस्त्यानं रडत गेली."

"अन् मंग?"

"मंग का! रडूनच राह्यली."

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. गुलाबबाईंचं ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी नुसतं पाणी घेतलं. रामीबाई ओसरीवरून ते पाहत होत्या.

पुढच्या बुधवारी रामीबाईंनी विचारायची वाट पाहिली नाही. "बसा, शेठानी," म्हणाल्या. "आज लय झालं. पोट्टी चालत चालत एका तांड्यात आली. नायकाच्या बायकोनं पाह्यलं, जवारीची भाकर देल्ली, म्हने याडी, बस अथी, म्हंजे माय, बस इथं. नायक म्हंजे तांड्याचा मुखिया, मोठा कडक मानूस. धरमसिंग नाव."

"रेडिओत धरमसिंग?"

"नाव कोनाचंबी असते."

गुलाबबाई त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

तिथून पुढे मालिका भलतीच सुधारली. श्रावणात कुमुदने रडणं जवळजवळ सोडलं. भादव्यात तिने दोन म्हशी घेतल्या. एकीचं नाव चंद्री, ती लाथाळ होती पण दूध चांगलं द्यायची. आश्विनात धरमसिंग नायकाने पंचायत बसवली आणि सासूला बोलावणं धाडलं. सासू आली. पंचांसमोर उभी राहिली. नणंदेने कबूल केलं की हार पेटीत तिनेच ठेवला. सासूला दंड झाला: सगळ्या तांड्याला शिरापुरीचं जेवण, आणि वाढायला ती स्वतः.

"सोता वाढलं?" गुलाबबाईंनी सुपातले गहू मुठीत घट्ट धरले.

"वाकून वाकून वाढलं. कंबर धरली तिची."

"पह्यले नुसतं रडनं रडनं होतं," त्या रात्रीच्या आरतीहून येताना गुलाबबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आता कोनी हुशार मानूस लिहून राह्यला वाटते."

अंगुरीबाईंना मात्र काही तरी खटकत होतं. जाऊ वाळायला हवी होती, ती टवटवीत होत चालली होती. बुधवारी कानात बोटं घालून विहिरीवर जाताना तर ती गुणगुणत असे. नियम संपायला चार दिवस उरले असताना अंगुरीबाई ओसरीच्या दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कानांवर आलं: "मंग कुमुद म्हने, चंद्री आता गाभन हाय, तिले सरकीची ढेप पाह्यजे..."

अंगुरीबाई दारातून बाहेर आल्या. "गुलाब! कुमुदची गोठ आयकून राह्यली तू! तुहा नियम मोडला!"

"म्या रेडिओ नाही आयकला, भाभीजी."

"रेडिओतलंच आयकलं ना? माताजीले सांगतो आता."

चार महिने शंभर बायका गुलाबबाईंकडे बोट दाखवून आपल्या सुनांना त्याग म्हणजे काय ते सांगत होत्या. खेमचंदशेठचा बॅटरीचा मुद्दा दुकानात पटला होता; माताजींसमोर तो मांडायची त्यांची छाती नव्हती. नियम मोडला असेल तर मोडला होता, आणि एकदा नव्हे, सोळा बुधवार.

दुसऱ्या दिवशी मंदिरात अंगुरीबाईंनी सगळं सांगितलं, जरा पदरचं घालूनही सांगितलं. बायका गुलाबबाईंकडे पाहू लागल्या. माताजी शांतपणे म्हणाल्या, "गुलाबबाई, काय ऐकलं ते सांगा. काही लपवू नका."

गुलाबबाईंनी काही लपवलं नाही. तांडा सांगितला, धरमसिंग सांगितला, चंद्रीची लाथ सांगितली. आधी आवाज कापत होता, पण पंचायतीपर्यंत तो सुधारला आणि शिरापुरीला तर हातही हलू लागले. बायका सरकून पुढे आल्या. सासू वाकून वाढू लागली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका थोरल्या सुनेला इतकं हसू आलं की शेजारी बसलेल्या सासूने तिला चिमटा काढला.

"अवं, म्हशी कुठच्या?" अंगुरीबाईंना राहवलं नाही. "नायक कुठचा? कुमुद तं आश्रमात हाय! चार महिने झाले, आश्रमात बसून रडून राह्यली!"

माताजी त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे यांनी जे ऐकलं ते रेडिओवर नव्हतं?"

"बिल्कुल नव्हतं!"

"तुम्ही नक्की सांगता?"

"एक बुधवार चुकवला नाही मी, माताजी! म्हशीचा एक शब्दबी नव्हता..."

इथे अंगुरीबाई थांबल्या. आपण काय शाबीत केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर सगळ्या सभेच्याही ध्यानात आलं होतं.

"मग नियम शाबूत आहे," माताजी म्हणाल्या. "आणि साक्ष यांच्या जावेचीच आहे."

गुलाबबाई सुटल्या. बायकांनी हात धरून त्यांना दारापर्यंत पोचवलं. पण घरी येताना त्यांचं पाऊल जड होतं. सासूला दंड झाला नव्हता. चंद्री नव्हतीच. ओसरीवर येऊन त्या रामीबाईंसमोर बसल्या.

"रेडिओत म्हैस नाही म्हनतात."

रामीबाईंनी सुपावरची नजर काढली नाही. "नसंन. थ्यायले म्हशीतलं का समजते?"

"तू खोटं सांगतलं मले."

"पह्यल्या बुधवारी खरं सांगतलं होतं," रामीबाई म्हणाल्या. "तुमी दीड दिवस जेवल्या नाही."

गुलाबबाईंनी समोरच्या ढिगातले मूठभर गहू आपल्याकडे ओढून घेतले.

पौर्णिमेला नियम संपला. बुधवारी सव्वा वाजताच गुलाबबाईंनी पोपटाचं झाकण काढलं, पाट मांडला. आळीतल्या बायका आल्या. आता या घरात ऐकणं हा मान होता. अंगुरीबाई कोपऱ्यात, भिंतीला टेकून. सतार वाजली आणि एक अनोळखी बाई रडू लागली.

"हे कोन?"

"कुमुद," अंगुरीबाई कुरकुरत म्हणाल्या. "पह्यली बदलली. दिवाळीपासून हे हाय."

बदललेली कुमुद पहिलीइतकंच रडत होती, जरा बारीक आवाजात. मग सासू आश्रमात आली. हार नणंदेनेच ठेवला होता, असं इथेही निघालं; तेवढं मात्र रामीबाईंनी बरोबर हेरलं होतं. सासू म्हणाली, झालं गेलं विसरून जा. आणि कुमुद सासूच्या पायांवर पडून म्हणाली, माझंच चुकलं, मला क्षमा करा.

खोलीत हुंदके सुरू झाले. गुलाबबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "माफी हे कायले मांगते?" त्यांनी विचारलं. त्या पाटावरून उठल्या आणि ओसरीवर गेल्या.

"रामीबाई, चंद्री व्याली का वं?"

"व्याली ना. काल सकाळी. वगार झाली."

"अन् सासू?"

"थे आली होती खरवस मांगाले," रामीबाई सूप झटकत म्हणाल्या. "पोट्टी म्हने, बसा. पह्यले गोठा झाडा."

पुढच्या आषाढात नियम घ्यायची वेळ आली तेव्हा गुलाबबाई पहिल्याच रांगेतून उठल्या आणि त्यांनी पुन्हा रेडिओ सोडला. या खेपेला जन्मभरासाठी. सभेने पुन्हा "मायबाई" म्हटलं.

"आता का त्याग!" अंगुरीबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या. "आता तं नावडतंच सोडलं तिनं."

त्या बुधवारी दीड वाजता गुलाबबाई विहिरीवर गेल्या, पंधरा मिनिटांनी ओसरीवर येऊन बसल्या आणि रामीबाईंनी सूप खाली ठेवलं. आत अंगुरीबाई पाटावर होत्या. मालिका नवी होती, नायिका नवी होती, रडणं जुनंच होतं. ती संपायच्या आधीच अंगुरीबाईंनी रेडिओ हळूहळू बारीक केला होता, आणि मग बंद. रामीबाई बोलू लागल्या तसा आत पाट खिडकीपाशी सरकल्याचा आवाज आला.