सुमंगलाक्काची पंगत

जयनगरच्या आमच्या ऑफिसात सुमंगला हेगडेंना सगळे अक्का म्हणायचे. त्या शिरसीच्या. डब्यात रोज वेगळ्या पाल्याची, ताकात कालवलेली तंबळी असायची आणि आम्हा पोरांना वाटून उरली तरच त्यांच्या वाट्याला यायची.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कुठलं काम कोणत्या प्रोसेसरकडे जाईल, हे ठरवणारा एक भाग असतो. अक्कांनी दोन वर्षं खपून तो नव्यानं लिहिला होता. सोमवारी तो ग्राहकाकडे जाणार होता, अक्कांच्या नावानं. त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त हरखलो होतो.

शुक्रवारी चाचणी घेतली तर मशीन रांगायला लागलं.

"लोड किती?" आमच्या पुट्टस्वामी सरांनी विचारलं.

"आठ, सर. आठ कामं चालू आहेत," मी म्हणालो.

"प्रोसेसर आठ, लोड आठ. आठ पानं मांडली, आठ माणसं जेवतायत. ग्राहकाचा प्रोग्रॅमच आळशी आहे. द्या पाठवून."

अक्का दोघांत वाटलेल्या बाय-टू कॉफीतला आपला अर्धा पेला घेऊन उभ्या होत्या. "सर, माणसं मोजली. कोण कुठल्या पानावर बसलंय, ते कुणी पाहिलं?"

"स्वतःच्या मुलीच्या लग्नात तूच खोट काढ."

"लग्नाआधी निघालेली बरी."

मशीन सगळ्या प्रोसेसरांचा मिळून एकच आकडा दाखवायचं. अक्कांनी प्रत्येकाच्या लोडची सरासरी वेगळी मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि जेवणानंतर आम्हाला बोलावलं. आठ प्रोसेसर दोन चिपांवर चार-चार असे बसवलेले होते. पडद्यावर आठ आकडे उमटले. पहिल्या चिपवरच्या चौघांपाशी दोन-दोन कामं अडकलेली. दुसऱ्या चिपवरचे चौघे रिकामे.

एका चिपवरचं काम दुसऱ्या चिपवर हलवायला वेळ जातो, म्हणून अक्कांनीच त्यावर बंधन घातलं होतं. ते इतकं घट्ट बसलं की कामं उंबरा ओलांडेनात.

"म्हणजे माझंच," अक्का म्हणाल्या.

सरांनी आवाज खाली आणला. "सुमंगला, हे कुणी मोजणार नाहीये. आत्ता जाऊ दे. पुढच्या खेपेला दुरुस्त कर."

"मी मोजलंय ना, सर."

अक्कांनी आपलं काम परत घेतलं. सोमवारी जुनाच भाग जाणार, हे तिथंच ठरलं.

"आणि ग्राहकाला काय सांगू?" सर वैतागले.

"हेगडेचं चुकलं, असं सांगा."

सोमवारी सरांनी फोन लावला तेव्हा आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. "आमचं चुकलं," सर म्हणाले, "वेळेत सापडलं." अक्कांचं नाव त्यांनी घेतलंच नाही. अक्का मान खाली घालून टाइप करत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्या शिरसीला परत गेल्या. तो भाग नंतर दुसऱ्या कुणीतरी पुरा केला. ऑफिसात आता माणसं पुष्कळ आहेत, पण तंबळी कुणी आणत नाही.