चला, दौंड करा!

पुण्याहून शिरूरला जायचं तर कुणीही शहाणा माणूस एसटीत बसतो आणि नगर रस्त्यानं सरळ शिरूरला उतरतो. आम्ही मात्र रेल्वेनं दौंडमार्गे निघालो, कारण आमच्या सरांनी नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखला होता. दौंडच्या पुढच्या एका स्टेशनावर शिरूरजवळच्या निमोणे गावाचा ट्रॅक्टर आम्हांला न्यायला येणार होता. पट्टीवर हे सगळं अगदी सोपं दिसत होतं. सर स्वतः आमच्याबरोबर येणार नव्हते, हेही सांगून ठेवते.

मॉरिशसमधल्या माझ्या मंडळींनो, तुम्ही मला पुण्याला बी.ए. करायला पाठवलंत आणि मी झाले एकदाची. पण निकालाचं कळवल्यावर तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत की परत आल्यावर देवकीनं गावची बैठका चालवायची. (हे पुण्यात कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी: बैठका म्हणजे आमच्या बेटावर ऊसमळ्यांतल्या वस्तीची संध्याकाळची मराठी शाळा.) आपले गुरुजी थकल्यापासून ती बंद पडलेली. ती पुन्हा उघडली नाही तर पुढच्या पिढीत गावात मराठी बोलणारं कुणी उरणार नाही, हे मलाही कळत होतं. पण चार माणसांपुढे उभी राहिले की मला घाम फुटतो, हे तुम्हांला कुठे माहीत होतं!

तेवढ्यात कॉलेजानं निमोण्याला मुलींचं 'नेतृत्व शिबीर' काढलं आणि परदेशी पाहुणी म्हणून मलाच त्याची प्रमुख केलं. मी मनाशी ठरवलं, की या मूठभर मुली सांभाळता आल्या तर बैठका घ्यायची, नाहीतर तुम्हांला सरळ नकार द्यायचा. मुलींमध्ये माझ्याच वर्गातली कालिंदी होती. अस्सल पुण्याची. माझ्या मराठीत रोज एक तरी चूक काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

दौंडला गाडी बराच वेळ थांबते, असं कुणीतरी म्हणालं होतं. आम्ही चहा घेतला, खिडक्यांतून हात बाहेर काढून बसलो. आमचं इंजिन शिट्टी मारून कुठेतरी निघून गेलं. पाणी प्यायला गेलं असेल, अशी माझी समजूत. मग डब्याला मागून धक्का बसला आणि गाडी हलली. हलली ती थेट उलट्या दिशेनं, आम्ही आलो होतो तिकडे!

"गाडी पुण्याला परत चालली! उतरा, उतरा!" मी ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा माझा हुकूम कुणीतरी ऐकला. फावडी, वळकट्या, पाण्याची कळशी, सगळं प्लॅटफॉर्मवर फेकून मुली धडाधड उतरल्या. गाडी पुढे निघून गेली आणि तिच्या खिडकीत बांधलेला आमचा कापडी फलक तेवढा तिच्याबरोबर फडफडत गेला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नेतृत्व शिबीर'.

प्लॅटफॉर्मवर पांढऱ्या गणवेशातले एक गार्ड आपल्या लोखंडी पेटीवर बसून हे सगळं पाहत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आवो ताई, का उतरला?"

"गाडी पुण्याला चालली ना परत!"

"कुठली पुण्याला? नगरलाच चालली की ती. जरा म्होरं गेली की वळती तिकडं. दौंडात इंजिन ह्या अंगाचं काढून त्या अंगाला लावत्यात. म्होरचा डबा मागं, मागचा म्होरं. दौंडातलं शेंबडं पोर बी सांगंल तुमाला."

कालिंदी फेकलेल्या वळकट्या एकेक करून मोजू लागली. तिच्या त्या मोजण्यानंच मला जास्त लाज वाटली. मी पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिले.

या गार्डांचं आडनाव कांबळे, पण आम्ही लगेच त्यांना मामा म्हणू लागलो. पुण्याहून आमचीच गाडी घेऊन आले होते आणि इथं त्यांची ड्यूटी संपली होती. पुढची गाडी संध्याकाळी, म्हणून ते आम्हां सगळ्यांना मेंढरं हाकल्यासारखे रेल्वे कॉलनीतल्या आपल्या घरी घेऊन गेले. दारातूनच ओरडले, "अगं, पावनं आल्यात. जरा जास्तीच हायेत!"

मामींनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पिठाचा डबा ओढला. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, खाली आम्ही रांगेनं बसलो. बाजरीची भाकरी, पिठलं (बेसनाचं घट्ट कालवण), फोडलेला कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. आपल्याकडच्या डाळपुरीशी माझं जन्माचं इमान आहे, पण त्या दिवशी ते जरा डळमळलं.

"मॉरिशस म्हंजी कुठं आलं?" मामींनी विचारलं.

"समुद्रात, मामी. माझे पणजोबा इथूनच गेले होते, उसाच्या कामाला."

"इथून? गाव कंचं?"

"ते कुणालाच माहीत नाही आता."

मामींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मामा तोवर आपल्या नोकरीबद्दल रंगात आले होते. कुणी न विचारता सांगत होते. "लोकास्नी वाटतं डायवरच गाडी नेतो. न्हेतो खरा, पर मी श्येवटच्या डब्यात बसून हिरवा बावटा दाखवल्याबिगर त्याची चाक हलवायची छाती न्हाई. आन् दौंडात तर लय मजा. त्यो म्होरनं मागं येतो, मी मागनं म्होरं जातो. मधी भेटलो की तंबाकू घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी शिबिराच्या पुढारी न्हवं? मग कवातरी मागच्या डब्यात बी बसून बगा."

मुली खो-खो हसल्या. मला त्यांचा रागच आला, मामांचासुद्धा.

संध्याकाळच्या गाडीचा धसका घेऊन मी एसटीच बरी असं ठरवलं. निघताना मामींना नमस्कार करून म्हणाले, "बरं मामी, जाते मी."

मामींनी कपाळाला हात लावला. "जाते काय म्हनतीस? येते म्हनावं!"

"पण मी तर जातेय."

"आगं, जायाचंच असतं, पर म्हनायचं येते. म्हंजी मानूस परत येतं."

कालिंदीला तेवढंच हवं होतं. "पुस्तकात शिकलीय ना," ती म्हणाली. मी मुकाट्यानं "येते" म्हणाले, पण मनातून पटलं नाही. जो शब्द खरा करायची खात्री नाही तो द्यावाच कशाला, असं मला वाटत राहिलं.

शिरूरच्या एसटीत माझी आणखी एक परीक्षा झाली. स्टँड आला तसा कंडक्टर "घोडनदी, घोडनदी!" म्हणून ओरडू लागला. अख्खी गाडी उतरली तरी मी शिरूरची वाट पाहत बसून होते. शेवटी कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "बाई, घोडनदी म्हंजीच शिरूर. उतरा आता, गाडी डेपोत चालली." एकाच गावाला दोन नावं आणि एकच पाठ असलेली मी! त्यानंतर निमोण्यापर्यंत कालिंदी प्रत्येक थांब्यावर मला विचारत होती, "इथं उतरायचं का, प्रमुखबाई?"

निमोण्यात आमच्याआधी आमची कीर्ती पोचली होती. ट्रॅक्टर रिकामा परत आला होता आणि त्याच गाडीनं आलेल्या गावातल्या कुणीतरी उरलेलं सांगितलं होतं. ज्यांच्या घरी आम्ही उतरणार होतो ते आबा, गावातले मोठे शेतकरी, अंगणातच म्हणाले, "या, या. चालत्या गाडीतनं उड्या मारनाऱ्या पोरी त्या ह्याच व्हय?" मग शेकोटीभोवती बसवून त्यांनी आम्हांला हुरडा (कोवळ्या ज्वारीची भाजलेली कणसं, हातावर चोळून दाणे खायचे) खाऊ घातला. हात काळे, तोंडं काळी, पण चव अशी की भाषण करायचं राहूनच गेलं.

भाषण मी सकाळी केलं आणि ते कुणी ऐकलं नाही. काम असं होतं, की ओढ्याजवळच्या खाणीतला मुरूम (तांबडी भरड माती) शाळेच्या चिखलवाटेवर टाकायचा. आम्ही मुली आणि गावातल्या, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही वस्त्यांवरच्या बाया, अशी लांब रांग केली आणि घमेली हातोहात पुढे सरकवायची ठरली. मी प्रमुख, म्हणून सगळ्यांच्या पुढे, खाणीच्या तोंडाशी उभी. "चला, भरभर! आटपा!" माझा घसा बसला, पण काम काही पुढे सरकेना. खाणीतल्या मुलींचे हात भरून आले होते आणि त्या माझ्याकडे रागानं पाहत होत्या. दुपारपर्यंत तुम्हांला कळवायच्या नकाराची वाक्यं मी मनात जुळवायला घेतली होती. फार छान जुळत होती.

तेवढ्यात रांगेच्या पार टोकाकडून, शाळेजवळून, सखूआक्का नावाच्या बाईंची हाक आली. "ए बाई, तुजा आवाज येतोय हिकडं, पर घमेलं न्हाई येत!"

सगळी रांग हसली. मी चिडून त्या टोकाला चालत गेले, त्यांना काय सुनावायचं ते ठरवत. आणि तिथं पोचून मागे वळून पाहिलं तर पहिल्यांदा मला अख्खी रांग दिसली. इकडच्या बाया हात बांधून उभ्या, तिकडच्या मुली वाकून वाकून थकलेल्या आणि रिकामी घमेली सगळी इथंच ढीग होऊन पडलेली. मला गार्डमामांचा तो पेटीवरचा चेहरा आठवला आणि तोंडातून काय निघालं ते मलाही कळायच्या आत मी ओरडले, "अगं, दौंड करा!"

गावातल्या बायांना अर्थबोध झाला नाही, पण आमच्या मुलींना क्षणात झाला. खाणीकडच्या मुली टोकाला निघाल्या, टोकाच्या बाया रिकामी घमेली घेऊन खाणीकडे. मधोमध गाठ पडली तेव्हा कालिंदीनं कळशी पुढे केली आणि सगळ्याजणी एकमेकींच्या ओंजळीत पाणी ओतत उभ्या राहिल्या. मी टोकालाच थांबले. कालिंदीनं आपला हिरवा रुमाल माझ्याकडे फेकला. "घे, गार्डीणबाई." मी तो हलवला आणि रांग सुरू झाली.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी तेव्हा आनंदानं रडले. मुरमाची धूळ डोळ्यांत गेली, असं म्हणून वेळ मारून नेली.

त्या दिवसापासून निमोण्यात 'दौंड करणं' सुरू झालं. हात दुखले की खाणीतून हाक येई, "आता दौंड करा गं!" जात्यावर बसलेली सखूआक्का सुनेला म्हणे, "दळून दमले, तू दौंड कर." आबांनी तर उन्हातली बाज फिरवायला गड्याला सांगितलं, "जरा दौंड कर रं हिला." वाट पुरी झाली त्या सकाळी शाळेची पोरं त्या तांबड्या वाटेवरून पायांतल्या वहाणा हातात घेऊन गेली. खराब होऊ नये म्हणून, वाट!

परतताना शिरूरहून पुण्याची एसटी समोर उभी होती. पण मुलींनी ऐकलं नाही. आम्ही पुन्हा दौंडला गेलो.

मामा घरीच होते. नगरकडच्या गार्डाला सांगून त्यांनी आमचा फलक परत मागवला होता. मामींनी मात्र तो फलक आहे हे मनावर न घेता धुऊन त्याची पिशवी शिवली होती आणि वाटेसाठी तीत भाकरी-चटणी भरून दिली. बाहेरून आता फक्त 'नेतृ' एवढंच वाचता येत होतं.

"आलीस न्हवं?" मामी म्हणाल्या. "म्हटलं व्हतं मी. येते म्हटलं की मानूस येतं."

मला राहवलं नाही. "नाही मामी, ते खोटं आहे. माझे पणजोबाही येतो म्हणूनच निघाले असतील. त्यांच्या आईनं वाट पाहिली असेल. ते कुठे आले?"

मामांनी खिशातलं घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आली की गाडी," ते म्हणाले. "लेट झाली, लय लेट झाली, पर आली. म्होरचा डबा मागं ऱ्हायला, मागचा म्होरं आला. तू आलीस न्हवं?"

मामींनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "आता म्हन," त्या म्हणाल्या.

"येते," मी म्हणाले. या वेळी पुस्तकातून नाही.

स्टेशनावर आमच्या गाडीचं इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला गेलं. गाडी उलट्या दिशेनं हलली. आमच्यापैकी कुणी जागचं उठलं नाही, पण समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ घाबरून सामान आवरू लागले. "बसा हो काका," कालिंदी म्हणाली, "दौंड झालं फक्त."

मंडळींनो, नकाराची ती छान वाक्यं तुमच्यापर्यंत आलीच नाहीत, ती का, ते आता कळलं ना? बैठका उघडून काही आठवडे झाले. मामींची पिशवी खुंटीला आहे, तीत खडू असतात. मी शेवटच्या बाकावर बसते. पुढची वाचाळ पोरं फार बोलू लागली की मी "दौंड करा" म्हणते. मग बाकं फिरतात आणि मागची लाजरी पोरं पुढे होतात. दौंड नावाचं गाव आहे, हे अजून त्यांना खरं वाटत नाही.

पहिल्या संध्याकाळी वर्ग सुटला तेव्हा तुमच्यापैकीच कुणाची तरी धाकटी मुलगी दारात म्हणाली, "जाते, बाई." मी तिला अडवलं. येते म्हण, म्हटलं.

"पण मी तर घरी जातेय," ती म्हणाली.

"तरी म्हण."

नाक फुगवून ती "येते" म्हणाली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेले, तर ती पायरीवर येऊन बसली होती.