दिव्यामागचा सब्जा

विमलताई गेल्या तेव्हा नातेवाइकांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. नरेश, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा धाकटा भाऊ, खुर्चीत बसून नुसता भिंतीकडे बघत होता. मी उमरेडला फोन लावला, सक्करदऱ्याला माझ्या माहेरी लावला, ताईंच्या भजनी मंडळातल्या कुसुमबाईंना लावला. पलीकडून प्रत्येकाने तेच म्हटलं, की देवमाणूस गेला. मी ‘हो ना’ म्हणत राहिले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मग ज्यांनी त्या माणसासोबत एका स्वयंपाकघरात दिवस काढले त्यांनी बोलायचं तरी काय? मला त्यांचा राग यायचा. आता काही आठवडे झाले आहेत, घर शांत झालं आहे, आणि राग जागच्या जागी आहे. म्हणून हे लिहायला बसले.

विमलताई माझ्या नणंद, पण सासूपेक्षा जास्त सासू. नरेश लहान असताना आई गेली, तेव्हापासून याच त्याची आई. लग्न केलं नाही, भावाला शिकवलं, हे सगळं खरं आहे आणि लग्नानंतर ते मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की मी झोपेतही म्हणून दाखवीन. उमरेडच्या विणकर घरातल्या. लहानपणी मागावर बसणाऱ्या वडिलांना सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. डोळे मिटून नुसत्या चिमटीत धरून सूत जाड की बारीक ते सांगायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण त्या चिमटीशीच आहे.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. पुढे लहानसं अंगण आहे, त्यात ताईंचं तुळशीवृंदावन. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, घरी यायला दिवेलागण होते. आल्यावर पोळ्या, भाजी, वरण, भात... अशा एका संध्याकाळी माझी मुलगी सई मैत्रिणीकडे खाल्लेला हिरवा पास्ता मागायला लागली. मोबाईलवर बघितलं तर तो पास्ता पोळ्या लाटण्यापेक्षा कितीतरी लवकर होत होता. फक्त त्याला लागतं बेसिलचं पान. मॉलमध्ये ते मिळायचं, पण सुकलेलं आणि सोन्याच्या भावाचं. मग कुठेतरी वाचलं की उन्हाळ्यात आपण सरबतात घालतो तो सब्जा म्हणजे त्याचंच बी. डब्यात उरलेला चमचाभर सब्जा मी कुंडीत टाकला आणि बघता बघता कुंडी भरून गेली. पानं तुळशीपेक्षा मोठी, गुळगुळीत, वास बडीशेपेच्या जवळ जाणारा. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. सासरी आल्यापासून या घरात मी लावलेलं ते पहिलं झाड.

पहिल्यांदा केलं तो दिवस स्वच्छ आठवतो. एका गॅसवर मीठ घातलेलं पाणी उकळत होतं. पानं धुऊन पंच्यावर पसरली होती. दाणे भाजून, सालं फुंकून मिक्सरमध्ये घातले, लसणाच्या पाकळ्या, तेल, किसलेलं चीज, शेवटी पानं. पानं गरम होऊन काळी पडू नयेत म्हणून बर्फाचा एक खडा. भांडं फिरवलं आणि घरभर वास सुटला. त्या वासाच्या मागेमागे विमलताई आल्या.

“काहून वं वैशाली, तुळस वाटून राहिली का?”

“तुळस नाही ताई. सब्जा होय. सरबतात टाकतो नं, त्याचीच पानं.”

“मले शिकवतं का? आणि लसणासंग?” त्यांनी भांड्यात डोकावून बघितलं. “सडा टाकाले शेण भिजवलं का वं हे?”

सई हसली. मी नाही हसले. पास्त्याच्या पाण्यातलं डावभर पाणी त्या वाटणात घातलं, सगळं एकत्र केलं, लिंबू पिळलं आणि ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ताटाला बोटही लावलं नाही. ‘हिरव्या शेवया’ असं नाव ठेवून उठल्या आणि दूधपोळी खाऊन झोपल्या.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरले असते. पण पुढच्या एकादशीला भजनी मंडळात त्यांनी सांगितलं, की आमच्या घरी तुळस वाटून लसणासोबत खातात. नागपुरात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या हातचा शिरा दोघीतिघींनी पदराआड तसाच ठेवून दिला, मी डोळ्यांनी बघितलं. कुसुमबाईंनी तर तोंडावर विचारलं, “खरंच तुळशीची चटणी करता का वं तुम्ही?” मी ताईंकडे बघितलं. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. नाही म्हणायचं होतं. त्या वाती वळत बसल्या होत्या... मान खाली, चेहऱ्यावर काही नाही. त्या दिवसापासून मला या बाईकडून एकच गोष्ट हवी होती. चारचौघींसमोर त्यांनी म्हणावं, की ती तुळस नाही. माफी नको, प्रेम नको, एवढं एक वाक्य हवं होतं.

वाक्याऐवजी दिवा मिळाला. एका संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर माझी कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उचलून वृंदावनाच्या शेजारी मांडलेली, आणि तिच्यासमोर दिवा लावलेला. तुळशीपुढे एक आणि माझ्या कुंडीपुढे एक. दिवा लागल्यावर तुळशीचं पान तोडायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणजे मी घरी यायच्या आत दिवा लावला की माझा स्वयंपाक बंद! आणि ही बाई तो दिवा रोज, न चुकता, मी फाटकाची कडी वाजवायच्या जरा आधी लावायची. तुळशीच्या लग्नाला तर माझ्या सब्ज्यालाही ऊस बांधला, वर मला म्हणाल्या, “अक्षता टाक वं, पाहून काय राहिली?”

मी काय करावं? नरेशला सांगितलं की तो म्हणायचा, “जाऊ दे नं, तिचा जीव रमते त्याच्यात.” रमत होता त्यांचा जीव, प्रश्नच नाही. मी सकाळी निघताना पानं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायला लागले. मग ते फडकं सापडेनासं झालं. शेवटी लाज सोडली. दिवा उचलून बाजूला ठेवायचा आणि त्यांच्या देखत पानं तोडायची. त्या अंगणातल्या ओट्यावर बसून बघायच्या. “तोड, तोड. वर गेल्यावर हिशेब होते,” म्हणायच्या. मी म्हणायचे, “तुम्ही आधी जाल, सांगून ठेवा तिथं.” असं बोलायचो आम्ही. सई म्हणायची, तुम्ही दोघी भांडत नसलात की घरात कोणी आजारी आहे असं वाटतं.

आणि खरंच आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अंथरुणावरही स्वभाव तसाच. मी औषध पाजलं की कडू, नरेशने तेच पाजलं की गोड. त्यांचं अंग पुसणं, कुशीवर वळवणं सगळं मीच केलं, ते प्रेमाने केलं असं मी म्हणणार नाही. करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून केलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी श्वास लागला. नरेशने देव्हाऱ्यातलं गंगाजल आणलं, आणि तुळशीपत्रासाठी अंगणात धावला. घाबरलेला माणूस, त्याला समोर दिसलं ते मोठं, टपोरं पान. रोज दिवा बघून बघून त्याच्या लेखी दोन्ही तुळशीच होत्या. त्याने ते पान ताईंच्या जिभेवर ठेवलं, वर गंगाजलाचा चमचा. मी पायाशी उभी होते, मला तिथूनच वास आला. बोलणार तेवढ्यात ताईंचे ओठ हलले. त्यांनी पान जिभेने बाहेर ढकललं, दोन बोटांच्या चिमटीत धरलं, जरासं चोळलं...

“हे तुळस नोहोय गा नरेश,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट. “सब्जा होय हे. तिच्या शेवयाचा.”

मग माझ्याकडे बघितलं. “तू आण वं.”

मी अंगणात गेले. अंधारून आलं होतं, त्या दिवशी दिवा लावायचं कोणालाच सुचलं नव्हतं. तिन्हीसांजा टळल्यावर मी खऱ्या तुळशीचं पान तोडलं आणि आणून त्यांच्या तोंडात ठेवलं. त्यांनी ते घेतलं. अंधारात पान तोडलं म्हणून मला टोकलंही नाही. थोड्या वेळाने गेल्या.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं! माझ्या तोंडून ऐकलेला सब्जा हा शब्दही इतकी वर्षं जपून ठेवला होता. मला हवं होतं ते वाक्य त्यांनी दिलं, पण असं दिलं की त्याचा मला काही उपयोग नाही. नरेश म्हणतो, ती भ्रमात होती. कुसुमबाईंना सांगितलं तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, शेवटी तुळस तुळस करत गेली बिचारी. माझी एकुलती एक साक्षीदार होती, तिची राख झाली. मला त्या रात्री रडू आलं ते दुःखाचं की संतापाचं, मला अजून सांगता येत नाही. बहुतेक संतापाचंच.

परवा कामावरून आले तर कुंडीपुढे दिवा लागलेला. कुसुमबाई लावून गेल्या होत्या म्हणे, ‘विमलताईची तुळस’ अंधारात नको म्हणून. आता रोज लावणार आहेत. म्हणजे ताई गेल्यावरही दिवा माझ्या वाटेत! आत सईने पास्त्याचं पाणी ठेवलं होतं, उकळी फुटल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी ओट्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. कोणी काही म्हणेल म्हणून मी उगाच थोडी थांबले. मग दिवा विझणार नाही अशा बेताने बाजूला सरकवला आणि ओंजळभर पानं तोडली. लसूण त्या दिवशी मुद्दाम जास्त घातला.