आत्यानं स्वतः विंडोज टाकलं

माझी आत्या शहराच्या एका टोकाला, हर्सूलला राहते. तीसेक वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम करून ती निवृत्त झाली. घरात एकटीच असते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर तिच्याकडं राहिला. तो घरी होता तोवर आत्याला कॉम्प्युटर फक्त पुसायला मिळायचा. तो गेल्यावर मात्र ती रोज दुपारी त्याच्यासमोर बसायला लागली. एका बोटानं मराठी टाइप करायला शिकली. अंगणवाडीतल्या पोरांना ती जी गाणी आणि गोष्टी सांगायची, त्यातल्या बऱ्याच तिच्या स्वतःच्याच रचलेल्या होत्या. त्या लिहून काढायला तिनं सुरुवात केली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी दुसऱ्या टोकाला, बजाजनगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एकदा आत्याचं काम चालू असताना लाईट गेली आणि तिचा कॉम्प्युटर परत सुरूच होईना. तिनं मुलाला फोन केला तर तो म्हणाला, भंगारात दे, दिवाळीला नवीन आणतो. मग तिनं मला बोलावलं.

रविवारी मी स्कूटीवरून छावणी, दिल्ली गेट असं करत तिच्याकडं पोचले. आत्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि काय करतेस, हे कसलं बटण, असं विचारायला लागली. मी म्हणाले, ‘‘आत्या, तू चहा ठेव, तोवर होतंय.’’ ती उठून आत गेली. मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, मुलाचे फोटो आणि कागदपत्रं उतरवून घेतली, बाकीचं सगळं पुसलं, नव्यानं विंडोज टाकलं आणि उतरवलेलं परत भरलं. दोन-अडीच तासांत काम झालं. स्वतःवर खूश होऊन मी घरी आले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. तिनं विचारलं, ‘‘ते न्यू फोल्डर कुठं गेलं गं?’’

मला तो फोल्डर आठवला. नुसतं ‘न्यू फोल्डर’ असं नाव असलेला, एका कोपऱ्यात पडलेला. असले रिकामे फोल्डर प्रत्येक मशीनवर असतात म्हणून मी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. तिला नाव बदलता येत नव्हतं, म्हणून त्याचं नाव तसंच राहिलं होतं. तिची सगळी गाणी त्यातच होती. मी त्या जागेवर पुन्हा विंडोज टाकलं होतं, ती परत मिळणं जवळजवळ अशक्य होतं. हे मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘तुला म्हाईत नव्हतं. मला म्हाईत होतं. मी शेजारी बसले असते तर सांगितलं असतं.’’

त्या वाक्यानं मला दिवसभर काही सुचलं नाही. शाळेत मी पोरींना हेच सांगते ना, की विचारल्याशिवाय काही पुसू नका.

पुढच्या रविवारी मी परत गेले. तरीही काही सापडतंय का ते बघावं, असं मनात होतं. आत्यानं ते करूच दिलं नाही. तिनं टेबलावर एक दोनशे पानी वही आणि पेन तयार ठेवलं होतं. म्हणाली, ‘‘हे सगळं पुन्हा पैल्यापासून करायचं. तू सांगायचं, करायचं मी.’’

मी म्हणाले, अगं आता तर चालू आहे, उगाच कशाला. त्यावर ती म्हणाली, ‘‘चालू हाय ते तू केलेलं. पुन्हा बंद पडलं तर मी कुणाकडं बघू? तू बजाजनगरला, तो पुण्याला.’’

मग आम्ही बसलो. खुर्चीवर ती आणि शेजारच्या स्टुलावर मी. सगळ्यात आधी तिनं वहीत लिहिलं, ‘काय काय ठेवायचं.’ एकेक फोल्डर उघडून, आत काय आहे ते बघून, यादी करून मगच पेनड्राइव्हवर घेतलं. माझ्या हातून जे पाच मिनिटांत झालं असतं त्याला पाऊण तास लागला. दोनदा माझा हात माउसकडं गेला आणि दोन्ही वेळा तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर मी विंडोज भरून आणलं होतं. मशीन बंद करून परत चालू करायचं, चालू होतानाच एक कळ दाबायची आणि ते आधी पेनड्राइव्ह वाचेल असं सेटिंग करायचं, हे तिला तीनदा सांगावं लागलं. कळ दाबायला उशीर झाला की मशीन सरळ जुन्याच रस्त्यानं सुरू व्हायचं. चौथ्या वेळी तिनं चालू करायच्या आधीपासूनच बोट त्या कळीवर ठेवलं आणि टकटक टकटक दाबत राहिली. सेटिंगची निळी पाटी आली. तिनं वहीत लिहिलं, ‘आधीपासून दाबत राहणे.’

डिस्कचे भाग दिसायला लागले तेव्हा ती थांबली. इथं सी, डी अशी नावं नसतात, फक्त आकडे असतात. कुठला भाग पुसायचा हे आकारावरून ओळखावं लागतं. मी सांगणार तेवढ्यात तिनं वहीचं मागचं पान उलटलं. सकाळीच तिनं दोन्ही भागांचे आकार लिहून ठेवले होते. आकडे बोटानं जुळवले, पुन्हा एकदा जुळवले आणि मगच बटण दाबलं. टक्के सरकायला लागले.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली. नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात आठवड्यानंतर येणारं पाणी चुकवून चालत नाही. मला वाटलं, आत्या उठेल. ती जागची हलली नाही. म्हणाली, ‘‘टाकी अन् दोन्ही ड्रम भर. मोटर लावायची वायर बाथरूमच्या मागं हाय.’’

मी ओढणी खोचून बाहेर गेले. पाइप घसरत होता, शेजारीण तिच्या बादल्या मध्ये घालत होती. वीसेक मिनिटं गेली असतील. मला एकदम आठवलं, की पहिल्यांदा मशीन बंद होऊन चालू होईल तेव्हा पेनड्राइव्ह काढायचा असतो. नाही काढला तर सगळं पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं. पेनड्राइव्ह आधी वाचायचं सेटिंग आम्ही कायमचं लावलं होतं आणि ही गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती.

ओल्या हातांनी धावत आत आले. आत्या शांत बसली होती. पेनड्राइव्ह टेबलावर वहीशेजारी पडला होता आणि पडद्यावर ‘थोडं थांबा’ अशा अर्थाचं काहीतरी फिरत होतं.

मी विचारलं, काढलास कसा? तिनं सांगितलं, की मशीन बंद होऊन चालू झालं आणि पुन्हा भाषा विचारायला लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पण मग तिनं वही वाचली. भाषा तर सगळ्यात आधी विचारली होती. ‘‘म्हणलं, हे पुन्हा त्याच दारातून आत चाललंय. दार काढून घेतलं.’’ बटण दाबून मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह उपसला आणि परत चालू केलं.

मी परत जाऊन दुसरा ड्रम भरला.

पुढचं काम सोपं होतं, पण तिनं तेही घाईनं केलं नाही. मराठी कीबोर्ड घालायला अर्धा तास गेला. आवाज येत नव्हता, त्यासाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, शोधायला आणखी वेळ लागला. दुपार उलटून गेली तरी आम्ही जेवलो नव्हतो. शेवटी तिनं एक फोल्डर बनवला, त्याचं नाव कसं बदलायचं ते विचारलं, आणि ‘अंगणवाडीची गाणी’ असं टाइप केलं. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

दिवाळीला मुलगा नवीन लॅपटॉप घेऊन आला. त्यानं चालू केलं तर जुन्या मशीननं पासवर्ड मागितला. आत्यानं स्वतःचा सांगितला नाही. त्याच्यासाठी वेगळं खातं करून ठेवलं होतं, त्यातून जा म्हणाली. त्यानं मला फोन करून विचारलं, आईला हे कुणी करून दिलं? मी म्हणाले, तिलाच विचार.

लॅपटॉप तिनं ठेवून घेतला, पण लिहायला ती जुन्या मशीनवरच बसते. हरवलेली गाणी एकेक आठवून पुन्हा टाइप करते. बरीचशी आली. दोन काही केल्या आठवेनात. त्यासाठी मागच्या महिन्यात ती बसनं शेंद्र्याला जाऊन आली. तिच्या अंगणवाडीतल्या जुन्या मदतनीस बाई तिथं राहतात. त्यांना एका गाण्याच्या चार ओळी आठवल्या. दुसऱ्यासाठी ती आता तेव्हाच्या पोरांना शोधते आहे. ती पोरं आता कंपनीत लागली आहेत, काहींना स्वतःची पोरं झाली आहेत.