हनुवटीखालचा पट्टा

आमच्या विजयनगरातले एक कानडी शेजारी सायकलीशिवाय क्वचितच दिसतात. अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. "दोनदा हुणसूरला जाऊन येण्याएवढं" असे सांगतात. परदेशातही सायकलनेच फिरलेत. टीव्हीवरच्या बातम्यांवर त्यांचा विश्वास नाही.

माझी मुलगी शिकते त्या परदेशी शहरात दंगल उसळली. तिचा फोन लागेना. सकाळी सायकलने कृष्णराजनगरला निघालेले शेजारी ते ऐकून आत आले. पडद्यावर बस जळत होती. त्यांनी आवाज बंद केला.

"नोडी, बघा राव, ही तीच बस. चार बाजूंनी दाखवतायत."

"पण जळतेय ना?"

"जळतेय. मागच्या गॅलरीत बाई कपडे वाळत घालतेय, तेही बघा. आणि या वार्ताहराला हेल्मेट कशाला? त्याच्या शेजारी कुत्रा झोपलाय." मग म्हणाले, "नदीच्या पाण्याच्या वादावरून इथे दगडफेक झाली, तेव्हा तुमच्या पुण्याच्या बहिणीनं रडत फोन केला. तुम्ही काय करत होता?"

"भाजी निवडत होतो."

"मग?"

मला ते पटले, पण हिशेब जुळेना. एवढ्या मोठ्या शहरातली एकच गल्ली आम्हाला दिसत होती; मुलगी कुठे आहे ते दिसत नव्हते. त्यांनाही ते कळत असावे, कारण ते उठले नाहीत.

दुपारी मुलीचा फोन आला. ती वसतिगृहातच होती, फक्त नेट बंद पडले होते. शेजाऱ्यांनी तेव्हा कुठे हनुवटीखालचा पट्टा सोडला, सकाळपासून डोक्यावर राहिलेले हेल्मेट काढून मांडीवर ठेवले आणि आमच्या हिला म्हणाले, "वहिनी, आता कॉफी द्या."